पिशवी गेली, तिची कामं उरली

आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे एक पिशवी टांगलेली असायची आणि तिच्यात पिशव्या असायच्या. बहुतेक मराठी घरांत अशी पिशव्यांची पिशवी असते. सासूबाई प्रत्येक कॅरीबॅग धुऊन, वाळवून, तिची समोशासारखी त्रिकोणी घडी घालून त्यात ठेवायच्या. २३ जून २०१८ च्या शनिवारी सकाळी त्यांनी ती अख्खी खाली काढली आणि मला विचारलं, "आता या नुसत्या घरात ठेवल्या तरी दंड होतो का गं?"

प्रश्न वावगा नव्हता. राज्य सरकारने २३ मार्च २०१८ ला काढलेल्या अधिसूचनेत प्लास्टिकच्या पिशव्यांचं उत्पादन, विक्री, वाहतूक, साठवण आणि वापर, सगळ्यावरच बंदी होती. २००६ च्या अविघटनशील कचऱ्याच्या कायद्याखाली ती काढलेली होती आणि तीन महिन्यांची मुदत त्या शनिवारी संपत होती. पहिल्या वेळी ५,००० रुपये, दुसऱ्या वेळी १०,०००, तिसऱ्या वेळी २५,००० आणि वर तीन महिन्यांची कैद. टीव्हीवर सकाळपासून तेच आकडे चालले होते आणि सासूबाईंच्या कानाने त्यातला 'साठवण' हा शब्द नेमका टिपला होता.

त्या बंदीचं पुढे काय झालं ते इथे सांगते, पण कोथरूडमधल्या आमच्या गल्लीपुरतं. गल्लीत एक किराणा दुकान आहे, भाजीच्या दोन हातगाड्या, एक अमृततुल्य, एक मिसळवाला, दूध-ब्रेडचं टपरीवजा दुकान आणि पहाटे सायकलवरून फुलपुड्या टाकणारे एक काका. यांच्याकडून काय गेलं, काय राहिलं आणि काय वेश पालटून परत आलं, ते मी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या पाठीमागे अधूनमधून टिपत आले. शास्त्रीय म्हणावं असं त्यात काही नाही. पण राज्यभराच्या बातम्यांत जे दिसत नव्हतं ते गल्लीत दिसत होतं.

मायक्रॉनची गोष्ट, थोडक्यात

ही काही पहिली बंदी नव्हे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, मुंबई बुडाली, आणि गटारं कशाने तुंबली याचा शोध सुरू झाल्यावर सगळ्यांची बोटं कॅरीबॅगकडे वळली. त्यानंतर राज्याने ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्या बंद केल्या. ५० मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा विसावा भाग. जाडीचा आग्रह वरवर विचित्र वाटतो, कारण जाड पिशवीत प्लास्टिक जास्तच असतं. पण तिला किंमत असते. दुकानदार ती फुकट वाटत नाही आणि कचरा वेचणारी बाई ती उचलते, कारण थोड्याच पिशव्यांत वजन भरतं. पातळ पिशव्या किलोभर गोळा करायच्या तर दिवस जातो. म्हणून त्या नाल्यातच राहतात.

केंद्राने पुढे हीच शिडी चढवली: २०१६ च्या नियमांत ५० मायक्रॉन, ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५, ३१ डिसेंबर २०२२ पासून १२०. कागदावर हे सगळं नीटच आहे. फक्त भाजीच्या गाडीवर मायक्रॉन कोण मोजणार? आमच्या भाजीवाल्या मावशी पिशवी दोन बोटांत चोळून सांगतात, "ही चालती, ही न्हाई चालत." त्यांचा अंदाज फारसा चुकत नसावा.

पिशवी काय काय करत होती

बंदी आली तेव्हा सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की पिशवीचं काम म्हणजे वाहून नेणं. मग कापडी पिशवी घ्या, प्रश्न मिटला. महिनाभर कॅलेंडरच्या मागे टिपल्यावर माझ्या लक्षात आलं की वाहून नेणं हे तिच्या कामांपैकी बहुधा सगळ्यात हलकं काम होतं.

ती ओलं धरून ठेवायची: पालक, मासळी, मिसळीचा रस्सा. भेंडी आणि मिरची एकमेकींपासून वेगळी ठेवायची. भाजी तराजूच्या पारड्यातून थेट तिच्यात जायची. घरी आल्यावर त्याच पिशवीसकट कोथिंबीर फ्रिजमध्ये. मग कचऱ्याच्या डब्याला अस्तर. पावसात मोबाईल आणि पाकीट तिच्यात. स्कूटरच्या सीटवर टोपी म्हणून तीच. लोणच्याच्या बरणीवर फडक्याखाली तीच, आणि महिन्यातून एकदा केसांना मेंदी लावल्यावर डोक्यालाही तीच. शेजारी चार करंज्या पाठवायच्या तर पिशवीतून पाठवल्या की डबा परत येण्याची वाट बघावी लागत नाही. शिवाय एक काम शिष्टाचाराचं होतं. दुकानदार "पिशवी देऊ का?" म्हणायचा तेव्हा तो गिऱ्हाइकाचा मान राखत असायचा.

कायद्याने एक वस्तू बंद केली. गल्लीला मात्र एवढ्या सगळ्या कामांसाठी एवढी सगळी वेगवेगळी माणसं आणि भांडी शोधायची होती. जिथे ती सापडली तिथे पिशवी गेली. जिथे नाही सापडली तिथे ती महिन्या-दोन महिन्यांत परत आली.

कांद्याच्या पोत्याखाली

पहिला महिना फार शिस्तीत गेला. भाजीवाल्या मावशींनी पुठ्ठ्यावर मुलाकडून लिहून घेतलं होतं, 'पिशवी मिळणार नाही'. लोक घरी जाऊन पिशवी घेऊन परत यायचे. एका गृहस्थांनी खिशातला रुमाल पसरून त्यात अर्धा किलो वांगी बांधून नेली आणि पुढे आठवडाभर ते ही गोष्ट सगळ्यांना सांगत होते. घराबाहेर पडताना पिशवी घ्यायची सवय आमच्या आधीच्या पिढीला होतीच. सासूबाईंना काही नवीन शिकावं लागलं नाही. माझी पंचाईत व्हायची, कारण मी भाजी ठरवून घेत नाही. ऑफिसातून येताना ताजी मेथी दिसली म्हणून घेते. कॅरीबॅग माझ्यासारखीच्या या न ठरवलेल्या खरेदीवर जगत होती, हे कबूल करायला हवं.

ऑगस्टात पुठ्ठा गेला. पिशव्या आता गाडीवर लटकत नव्हत्या, कांद्याच्या पोत्याखाली होत्या. कोपऱ्यावर दंड करणाऱ्या पथकाची गाडी दिसली की पोतं नीट पसरलं जायचं. मी मावशींना विचारलं तर म्हणाल्या, "मी न्हाई म्हनलं तर गिऱ्हाईक पुढल्या गाडीवर जातंय, ताई." पुढल्या गाडीवाल्याला विचारलं असतं तर त्यानेही हेच सांगितलं असतं. पिशव्यांचा खर्च दोघांच्याही खिशातून जायचा. दोघांनी एकाच दिवशी बंद केल्या असत्या तर दोघांचेही पैसे वाचले असते. पण दोघंही एकमेकांच्या गाडीकडे बघत बसले. मग २०२० साल आलं, करोनाच्या भीतीने सगळ्यांनाच कोरी करकरीत पिशवी हवीशी झाली, आणि पोतं पसरायचीही गरज राहिली नाही.

१ जुलै २०२२ ला केंद्राची एकदाच वापरायच्या वस्तूंवरची देशभराची बंदी लागू झाली. त्या यादीत स्ट्रॉ, प्लास्टिकचे काटे-चमचे, कानात घालायच्या काड्या, फुग्याच्या काड्या, मिठाईच्या खोक्यावरची पातळ फिल्म असं बरंच होतं. आमच्या गल्लीत तिचा फारसा गाजावाजा झाला नाही. शहाळेवाल्याने कागदी नळ्या आणल्या, त्या पाण्यात मऊ पडतात म्हणून लोक कुरकुरले आणि थेट तोंड लावून प्यायला लागले. एवढंच. पण त्या निमित्ताने आमच्या बिल्डिंगमधल्या भिशीच्या बायकांनी जुन्या साड्या आणि चादरी काढून चाळीस पिशव्या शिवल्या आणि मावशींच्या गाडीला एक आकडा लावून त्यावर टांगल्या. पिशवी विसरलात तर यातली घ्या, उद्या आणून लावा.

तीन आठवड्यांत चाळीसच्या चाळीस गेल्या. कुणी चोरल्या असं नव्हे. त्या लोकांच्या दारामागे जाऊन बसल्या होत्या. तीन तर माझ्याच घरात सापडल्या.

दुसऱ्या खेपेला पिशवीवर लाल धाग्याची टीप मारली आणि दहा रुपये अनामत ठेवली. वही नाही, नाव नाही. दहाची नोट द्या, पिशवी न्या, पिशवी आणा, नोट परत न्या. पहिल्या दिवशी लोकांना ते जरा अपमानास्पद वाटलं. "दहा रुपयांसाठी आमच्यावर विश्वास नाही होय?" मावशी म्हणाल्या, "विश्वास हाय, पन पिशवी न्हाई." यावेळी पिशव्या परत यायला लागल्या, आणि ज्या आल्या नाहीत त्यांच्या दहा रुपयांत नवी शिवून व्हायची. पिशवी आली तरी बरं, न आली तरी बरं. मावशींच्या गाडीवर हे आजही चालू आहे. पुढल्या गाडीवर नाही.

आता शिवलेल्या पिशव्यांबद्दल थोडं खरं बोलायचं तर, कोरी सुती पिशवी विकत घेणं फार पुण्याचं काम नाही. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ साली मांडलेल्या हिशेबात, नेहमीच्या कापसाची पिशवी हवामानापुरती प्लास्टिकच्या बरोबरीला यायला किमान ५२ वेळा वापरावी लागते. पाणी, ओझोन वगैरे सगळं धरलं तर हा आकडा ७,१०० वर जातो. जुन्या साडीची पिशवी या हिशेबातून सुटते, कारण साडी आधीच नेसून झालेली असते. मात्र आमच्या भिशीतून आलेल्या निम्म्या साड्या सिंथेटिक होत्या. म्हणजे पॉलिएस्टर, म्हणजे पुन्हा प्लास्टिकच. निदान ते शंभर वेळा वापरलं जातंय.

पुडीचे सात दिवस

किराणा दुकानातली गोष्ट लहान पण गमतीची आहे. २०१८ च्या बंदीच्या पहिल्या दिवशी तिथे कागदाची पुडी परत आली. धाकट्या शेठला ती बांधताच येईना. पोहे चारी बाजूंनी सांडायचे. मग थोरले शेठ गादीवरून उठले, रद्दीचा कागद तिरका धरला, खालचा कोपरा आत दुमडला, पाव किलो पोहे ओतले, वरचा कागद दोनदा मुडपला, दोरा दातात धरून दोन फेरे मारले आणि हिसडा देऊन तोडला. दुकानात चार गिऱ्हाइकं होती, चौघंही बघत राहिली. लहानपणी माळ्यावरच्या रिळातून खाली लोंबणारा तो दोरा मी विसरूनच गेले होते.

३० जूनला सरकारने अधिसूचनेत दुरुस्ती केली. किरकोळ दुकानदारांना ५० मायक्रॉनपेक्षा जाड प्लास्टिकमध्ये माल बांधून द्यायची मुभा मिळाली. पुडी सात दिवस जगली. दुकानदारांची अडचण खरी होती. पावसाळ्यात साखर आणि गूळ कागदात टिकत नाही, हे कुणीही सांगेल. तरी पोहे, शेंगदाणे, डाळी यांच्यासाठी पुडी राहू शकली असती. धाकटा शेठ नुकताच शिकलाही होता.

सामान न्यायला मात्र त्यांनी 'कापडी' पिशवी ठेवली. हिरवी, दोन बंदांची, वर दुकानाचं नाव. वर्षभर मी ती कापडी समजूनच वापरली. मग एका उन्हाळ्यात बाल्कनीत त्यातली एक पिशवी जुने दिवाळीचे आकाशकंदील भरून ठेवली होती, ती उचलायला गेले तर बंद हातात आला आणि बाकी पिशवीचा भुगा झाला. हिरव्या कोंड्यासारखा. झाडायला गेले तर तो आणखी बारीक होत गेला आणि वाऱ्याने कुंड्यांत जाऊन बसला. नंतर दुसरी पिशवी उजेडात धरून पाहिली. तिच्यात उभा-आडवा धागाच नाही. बारीक ठिपक्यांची नक्षी दाबून तंतू एकमेकांना चिकटवलेले असतात. त्याला नॉन-वोव्हन म्हणतात आणि ते पॉलिप्रॉपिलीन असतं, शुद्ध प्लास्टिक. उन्हाने त्याचा असाच चुरा होतो. २०१८ च्या बंदीत तिचं नाव घेऊन समावेश होता. पण कापडासारखी दिसते म्हणून तिला कुणी अडवलं नाही, आणि देणारा-घेणारा दोघंही आपण प्लास्टिक सोडलं या समाधानात. माझ्या मते बंदीला सगळ्यात मोठा चकवा पोत्याखालच्या पांढऱ्या पिशवीने दिला नाही, या हिरव्या पिशवीने दिला.

डबा कोण धुणार

बंदी आल्याच्या आठवड्यात बिल्डिंगच्या जिन्यात बायका एकमेकींना भाजीबद्दल काही विचारत नव्हत्या. विचारत होत्या, "तू कचरा कशात टाकतेस?"

भाजीची पिशवी हेच ओल्या कचऱ्याच्या डब्याचं अस्तर होतं. ती बंद झाल्यावर लोकांनी दुकानातून काळ्या पिशव्यांची गुंडाळी विकत आणली. म्हणजे जे फुकट आणि दुसऱ्यांदा वापरात येत होतं, त्याच्या जागी विकतचं आणि खास फेकण्यासाठीच बनवलेलं प्लास्टिक आलं. मीही दोन महिने आणलं. मग वर्तमानपत्राची घडी घालून डब्यात बसवायला शिकले. कलिंगडाच्या दिवसांत ती अर्ध्या तासात भिजून फाटते. शेवटी अस्तरच बंद केलं. कचरा न्यायला येणाऱ्या ताईंना तेच सोयीचं पडतं, कारण बांधलेली पिशवी त्यांना हाताने फोडावी लागते.

पण अस्तर नसलेला डबा रोज धुवावा लागतो. आणि इथे मला या सगळ्या प्रकरणातली एक गोष्ट उमगली, जी कोणत्याही जाहिरातीत नव्हती. एकदा वापरून फेकायचं प्लास्टिक आलं ते मुळात धुणं वाचवायला. ते सोडायचं म्हणजे धुणं परत घरात येतं: डबा, कापडी पिशव्या, दुधाचं पातेलं, दह्याची बरणी, मासळीचा डबा. पर्यावरणाचा निर्णय रात्री जेवताना सगळे मिळून घेतात आणि सकाळी सिंकपाशी एकटी बाई असते. आमच्याकडे दोन आठवडे धुसफूस झाली आणि मग कचऱ्याचा डबा नवऱ्याकडे गेला. तो अजून त्याच्याकडेच आहे. बिल्डिंगमधल्या ज्या घरांत ही वाटणी झाली नाही, तिथे काळ्या पिशव्या अजून येतात, आणि मी त्यांना नावं ठेवत नाही.

मिसळवाल्याने पार्सलचा रस्सा पिशवीत बांधायचा सोडून काळ्या झाकणाच्या डब्यात द्यायला सुरुवात केली. ते डबे बहुतेक पॉलिप्रॉपिलीनचे. घरी टाकवत नाहीत, म्हणून साठतात. आम्ही आता कडीचा डबा नेतो. आधी तो डबा पुढे केला की पोऱ्या गोंधळायचा, आता न सांगता तर्रीचा एक चमचा जास्त घालतो. अमृततुल्यात चहा काचेच्या ग्लासात मिळायचा, करोनानंतर कागदी कप आले ते राहिलेच. कागदी कप आतून कागदी नसतो, त्याला पॉलिथिनचं पातळ अस्तर असतं, नाहीतर चहा त्यात टिकलाच नसता. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं होतं की अशा कपात १०० मिलिलिटर गरम पाणी १५ मिनिटं ठेवलं तर मायक्रॉनच्या मापाचे सुमारे २५,००० प्लास्टिककण त्यात उतरतात. आता चहा प्यायला १५ मिनिटं कुणी लावत नाही म्हणा. तिथेही मुद्दा धुण्याचाच. ग्लास विसळणाऱ्या पोराचा पगार आणि कपांचा खर्च, यांत मालकाला कप परवडतात. मागितला तर ग्लास मिळतो. मागणारे आम्ही तिघं-चौघंच आहोत.

पन्नास पैसे

सगळ्या गल्लीत सगळ्यात जास्त संख्येने येणारी प्लास्टिकची वस्तू दुधाची पिशवी आहे, आणि तिला बंदीतून सूट होती. अट एवढीच की ती ५० मायक्रॉनपेक्षा जाड हवी आणि किमान ५० पैशांना परत घेण्याची सोय हवी. कल्पना चांगली होती, आमच्या लाल टिपेच्या पिशवीसारखीच. जून २०१९ मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री रामदास कदम यांनी विधिमंडळात सांगितलं होतं की राज्यात रोज सुमारे एक कोटी दुधाच्या पिशव्या वापरल्या जातात आणि त्यांचा ३१ टन कचरा होतो.

मी एकदा हट्टाने महिन्याभराच्या साठ पिशव्या धुऊन, वाळवून दुधाच्या दुकानात घेऊन गेले. दुकानदाराने त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. "वहिनी, या ठेवू कुठे?" त्याचं दुकान सहा बाय आठ. त्याच्याकडून परत न्यायला गाडी येत नव्हती. दूध आणणारा टेंपो भरून येतो आणि रिकामे क्रेट घेऊन जातो, त्या क्रेटांत पिशव्या घालायचं त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. आणि ५० पैसे द्यायचे तरी कसे? २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ ला चलनातून गेली. ५० पैशाचं नाणं कायद्याने चालतं, पण पुण्यात ते कुणी घेत नाही. त्याने मला तीस रुपयांऐवजी एक पेढा दिला. मी तो खाल्ला आणि पिशव्या घरी आणल्या.

मावशींकडे अनामत चालली आणि इथे का नाही, यावर मी बराच विचार केला. मावशींकडे रक्कम हाताला लागणारी होती, परत घेणारी तिथेच उभी होती आणि परत आलेली पिशवी तिला दुसऱ्याच मिनिटाला उपयोगी पडत होती. दुधाच्या दुकानदाराला परत आलेली पिशवी म्हणजे नुसता वास. मुंबईत आरेचं दूध काचेच्या बाटल्यांतून यायचं तेव्हा रिकामी बाटली दिली तरच भरलेली मिळायची, आणि रिकाम्या बाटलीची डेअरीलाच गरज असायची. आमच्या दुधाच्या पिशवीची तशी गरज गल्लीत कुणालाच नाही.

भंगारवाल्याला ती चालते, कारण ती एकाच जातीच्या प्लास्टिकची असते आणि पुन्हा वितळवता येते. मात्र मंत्र्यांच्याच आकड्यांनी हिशेब केला तर एक पिशवी तीन ग्रॅमच्या आसपास. आमच्याकडे दिवसाला अर्ध्या लिटरच्या दोन. किलो व्हायला साडेपाच महिने लागतात. ५० पैशांच्या दराने त्या किलोचे एकशे साठ रुपये व्हायला हवेत. भंगारवाला देतो ते त्याच्या जवळपासही जात नाही. तरी आम्ही साठवतो. एक गोष्ट शिकलो: पिशवीचा कोपरा पूर्ण कापून वेगळा करायचा नाही, अर्धवट कापून तसाच लटकता ठेवायचा. तो बोटाच्या पेराएवढा तुकडा सिंकमधून गटारात जातो आणि वेचून परत आणणं कुणाच्या बापाला शक्य नाही.

राहिलं ते बिस्किटं, वेफर्स, मसाले, शाम्पूच्या पुड्या यांचं वेष्टण. त्यात प्लास्टिकचे आणि बऱ्याचदा चंदेरी धातूचे थर एकमेकांना चिकटलेले असतात. ते सुटे करता येत नाहीत, म्हणून भंगारवाला त्याला हात लावत नाही. या वेष्टणाला ना २०१८ च्या बंदीने धक्का लावला ना २०२२ च्या. आमच्या सुक्या कचऱ्याचं पोतं आज ओतलं तर डोळ्यांत भरतं ते हेच. १९९३ साली पुण्यात कचरा वेचणाऱ्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, पुढे तिच्यातून 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली. पंचायतीच्या नावातच हिशेब आहे: कागद, काच, पत्रा, म्हणजे ज्याला भाव आहे ते. वेफर्सच्या पाकिटाला त्या यादीत जागा नाही. आमच्याकडच्या ताई पोतं उघडून आधी बाटल्या, पुठ्ठा आणि दुधाच्या पिशव्या काढतात. उरतं ते खाली दाबून बसवतात.

फुलपुडी

फुलवाले काका पूर्वी पळसाच्या पानात फुलं बांधून आणायचे. मग पानं महाग झाली आणि पातळ पिशवी आली. रोज सकाळी साडेपाचला दाराच्या कडीला अडकवलेली, आत दवाने ओली झालेली पाच जास्वंदी, थोडी झेंडू, दूर्वा. महिन्याला तीस पिशव्या, एकेका घरात. बंदीनंतर त्यांनी वर्तमानपत्राची पुडी करून पाहिली, पण कडीला ती अडकत नाही आणि दारात ठेवली तर मांजर उचकटतं.

तोडगा सासूबाईंनी काढला, आणि कुठल्याही अधिसूचनेशिवाय. जुन्या धोतराच्या दोन थैल्या शिवल्या, तळहाताएवढ्या, वर नाडी. एक रात्री कडीला रिकामी अडकवायची. पहाटे काका दुसरी भरलेली लावतात आणि रिकामी घेऊन जातात. दोन थैल्या आणि आलटापालट, आरेच्या बाटलीसारखी, जरी सासूबाई कधी मुंबईत राहिलेल्या नाहीत. आता आमच्या जिन्यात सात कड्यांना अशा थैल्या दिसतात. काकांना एवढ्या घरांच्या थैल्या ओळखता येतात कशा, तर प्रत्येकीची नाडी वेगळ्या रंगाची आहे. आमची पिवळी.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत मात्र हे चालत नाही. सायकलवर थैल्या भिजतात, घट्ट होतात, फुलं आत काळी पडतात. तेव्हा काका पुन्हा प्लास्टिकच्या पिशवीतून पुडी आणतात आणि कडीला अडकवताना आवाज न करता अडकवतात. सासूबाई ती काढतात, फुलं तबकात ओततात, पिशवी नळाखाली धरतात, गॅलरीत चिमट्याला लावतात आणि वाळली की त्रिकोणी घडी घालतात. काल दारामागे पाहिलं, अकरा झाल्यात.